सत्तर रुपयांचा चार्जर आणि मधली भिंत

पावसाळा लागला की आमच्या खडकवासल्यात धरण पाहायला येणाऱ्यांची रीघ लागते. सिंहगड रस्त्याच्या कडेने हातगाड्या उभ्या राहतात. भाजलेली कणसे, कांदाभजी, मुलांच्या शिट्ट्या-फुगे आणि अलीकडच्या काही वर्षांत मोबाईलचे चार्जर. दोरीला माळेसारखे टांगलेले. कोणताही उचला, सत्तर रुपये. गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतील एका ताईंनी अशाच एका गाडीवरून मुलीसाठी चार्जर घेतला. ताई चार घरची धुणीभांडी करतात. मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आणि घरी एकच खोली असल्यामुळे संध्याकाळी विहाराच्या अभ्यासिकेत बसते. तिची पुस्तके, जुन्या प्रश्नपत्रिका, सारे काही त्या मोबाईलमध्येच. म्हणजे चार्जर ही तिच्या दृष्टीने चैनीची वस्तू नव्हे. पूर्वी कंदिलाला रॉकेल लागे, तसा तो लागतो.

एके रात्री नऊच्या सुमारास अभ्यासिकेत जळका वास सुटला. मुलीने पाहिले तर चार्जरचे प्लॅस्टिक एका बाजूने मऊ होऊन वाकले होते. घाबरून ती तो ओढून काढायला गेली आणि तिला जोराचा शॉक बसला. हात झटकला गेला म्हणून वाचली. शेजारच्या एका मुलाने प्रसंगावधान राखून मेन स्विच पाडला. बोटे पोळली, बोर्ड काळा झाला, यापलीकडे काही झाले नाही.

मी पोचलो तेव्हा ताई मुलीजवळ बसलेल्या होत्या. मी कार्यकर्त्याच्या सवयीने लगेच उपदेश सुरू केला, की असला स्वस्तातला माल घेऊ नये. ताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, सत्तरचा घेतला ही चूक झाली, कबूल. पण पाचशेचा आणला असता तर तो खरा आहे हे मला कुणी सांगितलं असतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मलाही कुठे कळत होते? दुकानदार 'ओरिजनल आहे' म्हणाला की आपण मान डोलावतो आणि पैसे देतो. मग मी थोडा अभ्यास केला, जाणकारांना विचारले. तो आज आपल्यापुढे ठेवतो.

आमच्या शेजारी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले एक काका आहेत. त्यांच्याकडे मी दोन चार्जर घेऊन गेलो. एक अभ्यासिकेतला जळालेला आणि दुसरा माझ्या जुन्या मोबाईलबरोबर खोक्यात आलेला, आता बंद पडलेला. काकांनी दोन्ही फोडून कागदावर मांडले. (वाचकांनी हा प्रयोग घरी करू नये. चार्जर बोर्डातून काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहू शकते.)

काका म्हणाले, "चार्जर म्हणजे काय, तर एक भिंत. एवढं लक्षात ठेवलं की पुरे."

आपल्या घरात वीज येते ती २३० व्होल्टची. चार्जरच्या आत शिरल्यावर तिचे एकदिश विजेत रूपांतर होते आणि तिथे तर ती सव्वातीनशे व्होल्टपर्यंत जाते. मोबाईलला हवे असतात पाच व्होल्ट, जलद चार्जिंग असेल तर नऊ किंवा त्याहून थोडे जास्त. माणूस मारणारी वीज एका बाजूला आणि मुलांच्या हातातला मोबाईल दुसऱ्या बाजूला. या दोन बाजू चांगल्या चार्जरमध्ये तारेने एकमेकींना जोडलेल्याच नसतात. मधे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. त्याच्या एका गुंडाळीतून शक्ती चुंबकाच्या वाटेने दुसऱ्या गुंडाळीत जाते. पण दोन गुंडाळ्यांच्या मध्ये पिवळ्या चिकटपट्टीचे वेढे असतात आणि तांब्याला तांबे कुठेही लागत नाही. खालच्या हिरव्या पट्टीवरही दोन बाजूंच्या मध्ये चांगली पाच-सहा मिलिमीटरची मोकळी जागा सोडलेली असते. कित्येकदा तिथे पट्टी कापून खाच पाडलेली असते, म्हणजे धूळ आणि ओल साचली तरी वीज उडी मारून पलीकडे जाऊ नये.

माझ्या जुन्या चार्जरमध्ये हे सारे होते. शिवाय आत शिरतानाच फ्यूजचे काम करणारा एक छोटा रेझिस्टर होता. काही बिघडले तर तो स्वतः जळून वाट तोडतो.

जळालेल्या चार्जरमध्ये फ्यूज नव्हता. खाच नव्हती. दोन बाजूंच्या मध्ये जागा सोडली होती ती जेमतेम दीड मिलिमीटर, आणि त्यातही डाखाचा एक थेंब पसरलेला. ट्रान्सफॉर्मरवर पट्टीचा एकच वेढा. वरचे प्लॅस्टिक आग लागल्यावर विझणारे नव्हे, तर मेणासारखे वितळणारे. काकांनी दोन्ही चार्जर माझ्या तळहातांवर ठेवले. डाव्या हातातला रिकाम्या काडेपेटीसारखा हलका लागला.

मी दिवसभर खतावण्यांत डोके घालणारा माणूस. मला ते पाहताच हिशेब दिसला. सत्तर रुपयांत मोबाईल चार्ज करून दाखवणारे सुटे भाग बसतात. बसत नाही ती भिंत. फ्यूज, पट्टीचे वेढे, सोडलेली जागा, न पेटणारे प्लॅस्टिक यांपैकी एकही गोष्ट मोबाईल चार्ज होण्यासाठी लागत नाही. ती नसली तरी मोबाईलवर विजेचे चिन्ह उमटते, टक्केवारी चढते, गिऱ्हाईक खूश होते. म्हणूनच पैसे वाचवायचे तर कारखानदार पहिल्याने तिथेच वाचवतो. जे गिऱ्हाइकाला दिसत नाही तेच काढून घेतले जाते. आणि असा माल विकला जातो कुठे? मोठ्या सोसायट्यांच्या दारात नव्हे. वस्तीच्या तोंडाशी, एसटी स्थानकाबाहेर, आठवड्याच्या बाजारात.

भिंत पडली की काय होते, याचे एक उदाहरण मनाला चटका लावून जाते. २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात सीमाभागात, कारवार तालुक्यातील एका खेड्यात, आठ महिन्यांच्या बाळाने चार्जरच्या केबलचे लोंबणारे टोक तोंडात घातले. मोबाईल काढून घेतला होता. बोर्डाचे बटण मात्र चालूच राहिले होते. बाळ दगावले. वाचकांनो, पाच व्होल्टने जीव जात नाही. भिंत धड असलेल्या चार्जरचे टोक चुकून कुणाच्या तोंडात गेले तर फार तर जिभेला चुरचुरेल. जीव जातो तो घरातली वीज टोकापर्यंत पोचल्यावर. ज्या घरात रांगते मूल आहे त्या घरातील माता-भगिनींनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: मोबाईल काढला की बटण बंद आणि केबल वर. कारण विजेचे बिल नव्हे. रिकामा चार्जर वीज जवळजवळ खातच नाही. कारण ते लोंबणारे टोक.

आता ताईंच्या प्रश्नाकडे येतो. खरा कसा ओळखायचा?

तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका; स्वतः पारखून घ्या. आपण ते व्याख्यानात ऐकतो आणि बाजारात विसरतो. 'ओरिजनल आहे', 'कंपनीचा आहे', 'ए-वन माल आहे', 'मी स्वतः हाच वापरतो' ही सगळी सांगोवांगी झाली. पारखायला आपल्या हातात एक साधन आहे आणि ते फुकट आहे.

आपल्या देशात मोबाईलच्या चार्जरला भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी सक्तीची आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी ही पद्धत २०१२ सालच्या सरकारी आदेशाने सुरू झाली आणि २०२१ च्या नव्या आदेशाने पुढे चालू राहिली. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीशिवाय असा चार्जर बनवणे, आयात करणे वा विकणे बेकायदा आहे. नोंदणी झाली की चार्जरवर ब्युरोचे चिन्ह येते. त्याच्या वर मानकाचा क्रमांक असतो, बहुधा आयएस १३२५२. नव्या मालावर ६२३६८ हा आकडाही आढळतो. चिन्हाच्या खाली इंग्रजी 'आर' अक्षर, आडवी रेघ आणि आठ आकडे. हा आर-नंबर म्हणजे चार्जरचा जन्मदाखला समजा.

अक्षरे मुंगीएवढी असतात. आमच्या वयाच्या डोळ्यांना ती दिसत नाहीत. मोबाईलने फोटो काढून मोठा करून वाचावा. मग ब्युरोचे 'बीआयएस केअर' नावाचे अॅप मोबाईलवर घ्यावे आणि त्यात आर-नंबर तपासण्याची जी सोय आहे तिथे हे आठ आकडे टाकावेत. कारखान्याचे नाव, पत्ता, वस्तूचा प्रकार, ब्रँड आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली, हे समोर येते.

इथे एक फसगत सांगतो. नंबर असणे पुरेसे नाही. तो जुळला पाहिजे. नकली माल काढणारे दुसऱ्याचा खरा नंबर उचलून छापू शकतात. अॅपवर ब्रँड भलताच निघाला, किंवा चार्जरच्या जागी टीव्ही नाहीतर घड्याळ निघाले, तर तो चार्जर दाखल्यावर दुसऱ्याचे नाव लावून आलेला समजावा. दुसरे असे की काही दुकानदार 'आयएसआय मार्क आहे की' म्हणून दाखवतात. इस्त्री, स्विच, वायर यांवर तो शिक्का पाहणे बरोबरच. पण मोबाईल चार्जरला नोंदणी क्रमांकाची वेगळी पद्धत आहे, त्यामुळे नंबराशिवाय नुसत्या शिक्क्याला अर्थ नाही. 'सीई' ही दोन अक्षरेही अशीच. ती युरोपच्या बाजारासाठी कारखानदाराने स्वतः केलेली घोषणा आहे. आपल्याकडच्या नोंदणीची जागा ती घेऊ शकत नाही.

नंबराखेरीज चार्जरवर आणखी काय वाचावे? आत येणारी वीज १०० ते २४० व्होल्ट लिहिलेली असावी. बाहेर जाणारी व्होल्ट आणि अँपिअरमध्ये लिहिलेली असावी. एका चौकोनात दुसरा चौकोन असे चिन्ह असावे. हे चिन्ह म्हणजे दुहेरी आवरण, अर्थात आपली ती मधली भिंत. दोनच पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसते, त्यामुळे सगळी भिस्त या आवरणावर. कंपनीचे नाव-पत्ता नसेल, शब्दांचे स्पेलिंग चुकलेले असेल, पिना बोर्डात सैल बसून ठिणगी पडत असेल, तर पुढे विचारच करू नये.

वॅटबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॅट. पाच व्होल्ट, दोन अँपिअर म्हणजे दहा वॅट. अनेकांना वाटते की दहा वॅटच्या मोबाईलला तेहेतीस किंवा पासष्ट वॅटचा चार्जर लावला तर मोबाईल जळेल. तसे होत नाही. चार्जरची वॅट म्हणजे त्याची जास्तीत जास्त देण्याची ताकद. पाण्याची टाकी मोठी असली म्हणून तांब्यात जास्त पाणी मावत नाही. योग्य बनावटीचा चार्जर सुरुवातीला पाचच व्होल्ट देतो. मोबाईलने मागणी केली आणि दोघांचे जमले तरच व्होल्ट वाढतात. उलट कमी वॅटचा लावला तर मोबाईल सावकाश चार्ज होतो इतकेच. काही कंपन्यांचे जलद चार्जिंग मात्र त्यांच्याच चार्जर आणि केबलवर चालते. दुसरा लावला तर वेग कमी होतो, मोबाईल बिघडत नाही. तेव्हा 'एकशे वीस वॅट' असे मोठ्या अक्षरांत छापलेला दीडशे रुपयांचा चार्जर पाहून हुरळून जाऊ नये. तेवढी खरी ताकद त्या किमतीत येतच नाही.

ताईंचा दुसरा मुद्दा पैशाचा. तोही नजरेआड करून चालणार नाही. चांगला चार्जर वॅटप्रमाणे साधारणपणे तीनशेपासून हजाराच्या पुढेपर्यंत जातो. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो तिथे ही रक्कम लहान नाही. परंतु काही मार्ग आहेत. पहिला असा की मोबाईल चार्ज होईना म्हटले की आपण चार्जर बदलतो. दोष बहुतेक वेळा केबलचा असतो. टोकापाशी केबल मोडते, आतली तार तुटते. आधी दुसऱ्याची केबल लावून पाहावी. निम्म्या घरांचा खर्च तिथेच वाचेल. दुसरा असा की घरात जुन्या मोबाईलबरोबर आलेला खरा चार्जर पेटीच्या तळाशी पडलेला असतो. त्यावर आर-नंबर असेल, पिना घट्ट असतील, प्लॅस्टिकला तडा नसेल तर तो गाडीवरच्या नव्या कोऱ्यापेक्षा शंभर पटींनी बरा. आणि तिसरा, घरातल्या चार मोबाईलना चार चार्जर हवेतच असे नाही. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाईलना टाइप-सी हेच तोंड सक्तीचे केले. अॅपलनेही २०२३ पासून आपल्या नव्या आयफोनला तेच दिले. आपल्याकडच्या नव्या मोबाईलमध्येही आता बहुतेक हेच तोंड असते. म्हणजे एक चांगला चार्जर सर्वांना पाळीपाळीने पुरतो.

विजेच्या बिलाची चिंता करणाऱ्यांसाठी एक आकडेमोड करून ठेवली आहे. पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी रिकामी होऊन पूर्ण भरायला, वाया जाणारी धरून, साधारण पंचवीस वॅट-तास लागतात. एका युनिटमध्ये चाळीस वेळा मोबाईल भरतो. रोज एकदा म्हटले तरी महिन्याला पाऊण युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर साडेसात रुपये. तेव्हा 'हा चार्जर वीज कमी खातो' अशी जाहिरात कुणी केली तर हसून पुढे जावे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे आपण सर्व जाणतो. त्याच खात्याकडे वीज आणि जलसिंचनाच्या नियोजनाचे कामही होते, हे मात्र आपल्या जयंतीच्या व्यासपीठांवरून क्वचितच सांगितले जाते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी युद्धोत्तर वीजविकासाच्या धोरण समितीपुढे त्यांनी जे भाषण केले ते आमच्या तरुणांनी मुळातून वाचावे. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, विजेवाचून उद्योगधंदे नाहीत आणि उद्योगधंद्यांवाचून या देशाच्या दारिद्र्यावर इलाज नाही, असा त्यांचा रोख होता. वीज हा श्रीमंतांच्या दिवाणखान्याचा शृंगार आहे, असे त्यांना कधी वाटले नाही. आमच्या वस्तीत ती उशिरा आली. आज ती मुलामुलींच्या अभ्यासाची वीज आहे. तीच वीज शेवटच्या दीड मिलिमीटरमध्ये आमच्या मुलीच्या हातावर उठावी, याची चीड येते.

६ डिसेंबरला चैत्यभूमीला, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला आपण जातो. दोन-दोन दिवस घराबाहेर असतो, मोबाईल मध्येच मान टाकतो आणि मग रस्त्यावर दिसेल तो चार्जर घेतला जातो. शिवाजी पार्कवर मुंबई महानगरपालिका अनुयायांसाठी मोबाईल चार्जिंगची सोय करते. तिथे वापरायला आपला घरचा चार्जर पिशवीत टाकूनच निघावे. रेल्वेने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिसेंबर २०१३ मध्ये बेंगळुरू-नांदेड एक्सप्रेसला रात्रीच्या वेळी आग लागून सव्वीस प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर रात्री अकरा ते पहाटे पाच डब्यांतील चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवावेत, अशी शिफारस झाली आणि २०२१ पासून रेल्वेने त्याची अंमलबजावणी कडक केली. रात्री पॉइंट बंद दिसला तर अटेंडंटशी हुज्जत घालू नये. माणसे झोपलेली असताना पेटणारी आग कुणाला कळत नाही.

घरालाही तेच लागू आहे. उशाखाली, गादीवर, गोधडीत गुंडाळून मोबाईल चार्ज करू नये. उष्णता बाहेर पडायला वाट लागते. २०२४ च्या मार्चमध्ये मेरठला मोबाईल चार्जिंगच्या वेळी शॉर्ट सर्किट होऊन खोलीत आग लागली आणि एका कष्टकरी कुटुंबातील चार लेकरे गेली. एका खोलीच्या घरात अंथरूण, कपडे, शेगडी आणि बोर्ड ही सारी हातभर अंतरावर असतात. जागा वाढवणे आपल्या हाती नाही. चार्जर फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात ठेवणे हाती आहे.

चार्जिंग चालू असताना धातूच्या पाठीच्या मोबाईलला हात लावला की कधीकधी अगदी किंचित मुंग्या येतात. चांगल्या चार्जरमध्येही तसे होऊ शकते आणि त्याने धोका नसतो. परंतु झटका बसला, वास आला, चार्जर हात लावता येणार नाही इतका तापला किंवा आत काही खुळखुळले, तर तो त्याच दिवशी बाद करावा. आधी बटण बंद, मग प्लग. आमच्या मुलीने घाबरून नेमके उलटे केले. कुणाला शॉक लागून चिकटलेला दिसला तर त्याला हाताने धरू नये. मेन स्विच पाडावा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने दूर करावे आणि १०८ ला फोन करावा. घराच्या मेन बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवता आला तर उत्तम. साधा एमसीबी तारा जळू देत नाही, पण माणसाला बसणारा शॉक तो ओळखत नाही. आमच्या विहाराने वर्गणी काढून हे काम करून घेतले. घटना घडल्यानंतर केले, हे कबूल करतो.

बाद चार्जर ओल्या कचऱ्यात फेकू नये. पुण्यात कचरा वेचणाऱ्या, वर्गवारी करणाऱ्या कितीतरी भगिनी आपल्याच समाजाच्या आहेत. तांब्यासाठी तारा जाळल्या की तो धूर त्यांच्याच छातीत जातो. सुका ई-कचरा वेगळा बांधून, सांगून द्यावा.

राहिला बिलाचा प्रश्न. मागच्या महिन्यात मी ताईंबरोबर एका दुकानात गेलो. दुकानदाराने चार्जर दाखवला. "ताई, ओरिजनल आहे, डोळे झाकून न्या."

"डोळे उघडून नेते ना दादा," ताई म्हणाल्या आणि पर्समधून मोबाईल काढून त्यांनी नंबराचा फोटो घेतला. पहिला चार्जर जुळला नाही. दुसऱ्याची नोंदणी रद्द झालेली निघाली. तिसरा जुळला. चारशे वीस रुपये. बिल मागितले तर दुकानदार म्हणाला, बिल घेतले तर जीएसटी वेगळा पडेल. खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात, हे त्याला मी आठवण करून दिले. बिल आले. बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगातही जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही. बिल नसेल तर आपण काय घेतले आणि कुणाकडून, हे सिद्ध करतानाच दमछाक होते.

आमच्या विहारात गेल्या रविवारी वंदनेनंतर सर्वांनी आपापले चार्जर आणले होते. सोळा चार्जर सतरंजीवर मांडले. नंबर जुळला तो सातांचा. माझ्या स्वतःच्या घरातले दोन आणले होते, त्यांतला एक नापास झाला. तो गेल्या वर्षी मीच, पारख न करता, प्रवासात घेतला होता. ताईंच्या मुलीने सगळ्यांचे नंबर तपासून वहीत लिहून घेतले आहेत. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती पुन्हा बसणार आहे. जवळपासच्या ज्यांना यायचे असेल त्यांनी चार्जर केबलसह आणावा. फोडून मात्र आणू नये, काका रागावतात.